दोनशे एक चोऱ्या



या खेपेच्या गप्पा एका पत्रापासून सुरू करते. पत्र आहे मराठवाड्यातल्या एका भगिनीचं. नावगाव छापू नका म्हणून त्यांनी दोनदा बजावलंय, तेव्हा ते माझ्यापाशीच राहू दे. त्यांची लेक नववीत शिकते. खो-खोत चपळ आहे, शाळेच्या संघातून तालुक्याला निवड झाली. घरात पेढे वाटायचे, ते राहिलं बाजूला. आजोबा म्हणाले, अर्धी चड्डी घालून चार गावच्या माणसांपुढं पळायचं नाही. पोरीचा बाप मधल्यामधे गप्प. पोरगी रुसून दोन दिवस धड जेवली नाही. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, "पोरीच्या जातीला पळून पळून काय मिळतं, ते आता तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? मी काही खेळाडू नव्हे. परकर वर खोचून बांधावरनं पळायचं आणि कुणी मोठं माणूस दिसलं की परकर खाली सोडायचा, एवढाच आमचा खेळ. पण पत्र वाचताना मला अमेरिकेतली एक बाई आठवली. तिचं नाव सोफी कुरीस. बेसबॉल खेळायची. तिच्या खेळात एका विशिष्ट तऱ्हेच्या पळण्याला 'चोरी' म्हणतात, आणि सोफीनं एका हंगामात दोनशे एक चोऱ्या केल्या. तिच्याही बाबतीत घोळ झाला तो कपड्यांवरूनच, फक्त उलटा. तुमच्याकडं आजोबा म्हणतात पाय झाक. तिच्याकडं मालक म्हणाला पाय दाखव.

ही गोष्ट जरा सावकाश सांगते.

सोफी जन्मली १४ मे १९२५ रोजी, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट नावाच्या गावात. फ्लिंट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. सकाळी भोंगा झाला की माणसं आत, संध्याकाळी भोंगा झाला की बाहेर. सोफी लहानपणापासून पायाला भिंगरी लावल्यासारखी. पळणं, उड्या, चेंडूफेक, समोर येईल ते करायची. चौदाव्या वर्षी, म्हणजे १९३९ साली, तिथल्या पाच प्रकारांच्या मैदानी स्पर्धेत ती पहिली आली. पाच हजारांपैकी चार हजार सहाशे त्र्याण्णव गुण. पुढं ती सॉफ्टबॉल खेळू लागली. आपल्याकडं हल्ली बऱ्याच शाळांतून मुली जो खेळ खेळतात, तोच.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध अमेरिकेच्या दारात आलं. तरणीताठी माणसं फौजेत गेली. बेसबॉल म्हणजे तिकडच्या माणसांचा जीव की प्राण. आपल्याकडं क्रिकेटचं जे वेड आहे, तसंच. मोठमोठे खेळाडूही बंदूक घेऊन गेले, तेव्हा मैदानांच्या मालकांना घोर लागला की आता तिकीट काढून कोण येणार. शिकागोचे फिलिप रिग्ली नावाचे एक धनिक होते. चघळायच्या च्युइंगमचा मोठा कारखाना त्यांचा, आणि बेसबॉलचा संघही त्यांचा. त्यांनी युक्ती काढली, की मुलींचे संघ उभे करायचे. १९४३ च्या मे महिन्यात देशभरातून आणि शेजारच्या कॅनडातून मुली शिकागोला निवडीसाठी बोलावल्या. त्यातल्या साठ निवडून चार संघ केले. सोफी नुकतीच अठरा वर्षांची झालेली. तिची नेमणूक झाली रसीन गावच्या 'बेल्स' या संघात.

हे रसीन कुठं आलं म्हणाल, तर विस्कॉन्सिन राज्यात, समुद्रासारख्या अफाट मिशिगन तळ्याच्या काठी. तुम्ही ते पाहिलं नसलं तरी त्या गावच्या दोन वस्तू तुमच्या ओळखीच्या आहेत. एक म्हणजे आजारातनं उठलेल्या माणसाला देतात ते हॉर्लिक्स. हॉर्लिक बंधूंनी त्याचा कारखाना काढला तो रसीनलाच. दुसरी म्हणजे आपल्या उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या मोठ्या यंत्रावर 'केस' असं नाव दिसतं ना, ते जेरोम केस यांचं. त्यांनी एकोणिसाव्या शतकात मळणीयंत्रं बनवायचा कारखाना काढला तोही याच गावात. सोफी ज्या मैदानावर खेळली त्याचं नाव होतं हॉर्लिक फील्ड.

पगार आठवड्याला पंचेचाळीस ते पंच्याऐंशी डॉलर. त्या काळात तो थोडा नव्हे. कितीक पोरींना बापापेक्षा जास्त पैसे मिळायला लागले. घर सोडून, परक्या गावात दुसऱ्याच्या घरी राहून, रोज संध्याकाळी सामना. हंगामात शंभरावर सामने व्हायचे. आज इथं, तर रात्रभर बसमधून प्रवास करून उद्या दुसऱ्या गावी.

आता पाटलाच्या वाड्यातल्यासारखे नियम ऐका. रिग्लीसाहेबांना मुली खेळायला हव्या होत्या, पण पुरुषी दिसायला नको होत्या. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की घरंदाज, देखण्या मुली गंमत म्हणून खेळतायत. म्हणून केस बारीक कापायचे नाहीत. ओठाला लाली लावल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. चारचौघांत दारू-सिगारेट चालायची नाही. प्रत्येक संघाबरोबर एक पालकबाई. कुणाबरोबर बाहेर जायचं तर तिची परवानगी लागायची. नियम मोडला तर पहिल्यांदा पाच डॉलर दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा घरी बसा. दिवसभर सराव झाला की संध्याकाळी शिकवणी असायची ती चालायचं कसं, बसायचं कसं, तोंडाला काय लावायचं याची. ती द्यायला हेलेना रुबिनस्टाइन या प्रसिद्ध सौंदर्यप्रसाधनवाल्या बाईंच्या दुकानची माणसं.

आणि कपडे? पुरुष बेसबॉल खेळतात ते लांब पायमोजे आणि विजार घालून, कारण खेळात जमिनीवर घसरावं लागतं. या मुलींना दिला एक झगा, गुडघ्याच्याही वर संपणारा. आत आखूड चड्डी. मांड्या उघड्या.

हे सगळं सोफीला का जाचलं ते कळायला खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. फार अवघड नाही. एक चौकोन घ्या आणि तो एका कोपऱ्यावर उभा आहे असं धरा. त्या खालच्या कोपऱ्याला म्हणतात घर. तिथं फळी घेऊन एक खेळाडू उभी राहते. चौकोनाच्या मधोमध दुसऱ्या संघाची चेंडू टाकणारी. फळीवालीनं चेंडू टोलवायचा आणि पहिल्या कोपऱ्याकडं धाव घ्यायची. प्रत्येक कोपऱ्यात जमिनीला घट्ट बांधलेली एक पिशवी असते. तिला बेस म्हणतात, आपण तळ म्हणू. पहिला तळ, दुसरा, तिसरा, आणि फिरून घरी पोचली की एक धाव. पिशवीला पाय लावून उभी आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. पिशवी सोडली आणि चेंडू हातात घेतलेल्या गड्यानं शिवलं, की बाद. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

तर चोरी म्हणजे काय? तुम्ही पहिल्या तळावर उभ्या आहात. पुढं जायला खरं तर तुमच्या गडणीनं चेंडू टोलवायला हवा. पण तुम्ही तिची वाटच पाहत नाही. चेंडू टाकणारीचा हात हलला रे हलला की दुसऱ्या तळाकडं सुटायचं. चेंडू मागे बसलेल्या झेलणारीच्या हातात जातो, ती उठते आणि दुसऱ्या तळाकडं नेम धरून फेकते. चेंडू आधी पोचला तर तुम्ही मेला, तुम्ही आधी पोचलात तर तळ तुमचा. सगळा कारभार तीन-चार सेकंदांचा. आणि शेवटचं अंतर पळत जायचं नसतं, अंग झोकून जमिनीवरून घसरत जायचं असतं, म्हणजे शिवणारीला अंग सापडत नाही.

आता कळलं? धुळीत, खड्यांवर, पळण्याच्या सगळ्या वेगासकट, उघड्या मांडीवर घसरायचं.

चामडी सोलून निघायची. खपली धरायच्या आत दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना आणि पुन्हा त्याच जागी घसरण. त्या लालभडक जखमेला तिकडं स्ट्रॉबेरी म्हणतात. महाबळेश्वरला पिकते तीच. हंगामभर सोफीच्या मांड्यांवर एकीवर एक अशा स्ट्रॉबेऱ्या असायच्या. पालकबाई पट्ट्या बांधायची. मांडीला गादीसारखं काही बांधून पाहिलं, पण ते अवजड व्हायचं, पळताना मधे यायचं, म्हणून सोफीनं ते टाकून दिलं. एक पायघोळ विजार दिली असती तर हे सगळं टळलं असतं. पण विजारीतली पोर बघायला तिकीट कोण काढणार, असा मालकांचा हिशेब. मला तर वाटतं, त्या झग्याचा निर्णय घेणाऱ्या साहेबाला एकदा त्याच झग्यात खळ्यावरनं घसरायला लावायला हवं होतं.

एवढं असून सोफी थांबली नाही. पहिल्या वर्षी, १९४३ ला, तिच्या चोऱ्या ४४. दुसऱ्या वर्षी १६६. तिसऱ्या वर्षी ११५. आणि मग आलं १९४६ साल.

त्या साली ती ११३ सामने खेळली. तळ चोरायला निघाली २०३ वेळा. पकडली गेली दोनदा. बाकी दोनशे एक वेळा तळ तिचा. थोडा हिशेब करून बघा. त्या हंगामात तिनं चेंडू टोलवून तळ गाठला ११२ वेळा. समोरचीनं चेंडू भलतीकडं टाकले म्हणून फुकट तळ मिळाला ९३ वेळा. बेरीज २०५. म्हणजे ती तळावर पोचली की बहुतेक एक चोरी ठरलेलीच, कधी एकाच फेरीत दुसराही चोरायचा आणि तिसराही. समोरच्या संघाला माहीत, प्रेक्षकांना माहीत, मैदानाबाहेर शेंगा विकणाऱ्या पोरालाही माहीत, की ही आता सुटणार. तरी सापडायची नाही.

कारण नुसत्या पायाचं ते काम नव्हतं. पाय पुष्कळांचे वेगवान असतात. सोफी नजर ठेवायची ती चेंडू टाकणारीवर. प्रत्येक माणसाची एक खोड असते. एखादी चेंडू फळीकडं टाकताना अशी वळते, आणि पहिल्या तळाकडं दरडावायला टाकणार असली तर तशी. बारकाईनं पाहिलं तर खांदा सांगतो, टाच सांगते. गुराख्याला जसं कोणती गाय आता दावं ओढणार ते आधी कळतं, तसं हिला ते कळायचं. मागे झेलायला बसलेलीचा हात कितीही जोरकस असो, सोफी अर्ध्या वाटेवर गेल्यावर त्याचा काय उपयोग?

आता खोटं मोठेपण नको म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. पुरुषांच्या बेसबॉलमध्ये तळातळामधलं अंतर नव्वद फूट असतं. मुलींच्या मैदानावर तेव्हा ते सत्तर-बहात्तर फुटांच्या आसपास होतं, चेंडूही मोठा होता आणि टाकायचा तो खालून किंवा बाजूनं. म्हणून पुरुषांचा आकडा आणि सोफीचा आकडा एका तागडीत घालून कोण मोठं ते ठरवता येत नाही. पण नुसतं जवळ ठेवून बघायला काय हरकत आहे? पुरुषांत चोरीचा राजा मानतात तो रिकी हेंडरसन. १९८२ साली त्यानं एका हंगामात १३० तळ चोरले, आणि त्याच हंगामात ४२ वेळा पकडला गेला. सोफी दोनदा. अंतर कमी होतं खरं, पण त्याच अंतरावर, तेच मैदान घेऊन शेकडो पोरी पळत होत्या. त्यांतली दुसरी कुणी दोनशेच्या जवळ गेली नाही.

तेव्हा या मुलींच्या संघटनेचे अध्यक्ष होते मॅक्स कॅरी. हा गृहस्थ स्वतः पुरुषांच्या बेसबॉलमधला नामांकित चोर. १९२२ साली त्यानं ५३ वेळा प्रयत्न करून ५१ तळ चोरले होते. त्यामुळं सोफीचं मोल करायला याच्याइतका जाणता माणूस शोधून सापडला नसता.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. सप्टेंबर १९४६. रसीनचे 'बेल्स' आणि इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावचे 'पीचेस' यांच्यात गाठ. चार सामने आधी जिंकेल तो विजेता, आणि रसीनचे तीन झालेले. सहावा सामना हॉर्लिक फील्डवर, पाच हजारांच्या वर माणूस. रॉकफर्डची चेंडू टाकणारी कॅरोलिन मॉरिस. तिनं त्या रात्री असा काही चेंडू टाकला, की नऊ डाव रसीनच्या एकाही मुलीला तो नीट टोलवता येईना. सामना नऊ डावांचाच असतो. एरवी एवढ्यावर ती जिंकून घरी गेली असती. पण रसीनची जोॲन विंटर तिच्याहून चिवट. तिला टोले पडत होते, चांगले तेरा पडले, तळावर पोरींची गर्दी व्हायची, आणि दर वेळी ही बाई शेवटच्या घटकेला त्यांना तिथंच अडकवून ठेवायची. एकही घरी पोचली नाही. नऊ डाव झाले, शून्य-शून्य. दहा, अकरा, बारा, तेरा. शून्य-शून्य.

चौदाव्या डावात सोफी फळी घेऊन आली. टोला मारून पहिल्या तळावर गेली. आता पुढं काय होणार ते अख्ख्या मैदानाला ठाऊक. तिनं दुसरा तळ चोरला. समोर फळीवर बेटी ट्रेझा. चेंडू टाकणारीचा हात हलला तशी सोफी तिसऱ्या तळाकडं सुटली, आणि त्याच चेंडूवर बेटीनं उजवीकडं टोला हाणला. सोफी तिसऱ्या तळावर थांबलीच नाही. वळली ती तडक घराकडं. तिकडनं चेंडू आला, इकडनं सोफी. अंग झोकलं, धूळ उडाली, आणि पंचानं हात पसरले, सुखरूप! एक-शून्य. चौदा डावांत पडलेली ती एकच धाव.

मॅक्स कॅरी यांनी तर सांगून टाकलं, की पुरुषांचे मोठमोठे सामने धरूनसुद्धा आपण पाहिलेला हा सगळ्यात उत्तम सामना. त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोफीची निवड झाली.

तिला मी थोर-थोर म्हणून डोक्यावर घ्यायला बसलेली नाही, पण पुढचे आकडेही बघा. १९४७ ला १४२ चोऱ्या, १९४८ ला १७२, १९४९ ला १३७, १९५० ला १२०. आणि त्या १९५० सालात नुसतं पळून भागलं नाही म्हणून की काय, चेंडू मैदानापार टोलवण्यातही संघटनेत तीच पहिली, सात वेळा.

पण तोवर खेळाचेच दिवस फिरले होते. १९४८ च्या सुमारास दहा संघ झाले होते आणि हंगामात नऊ लाखांच्या घरात माणूस सामने बघायला येत होता. मग लढाईवरनं परतलेले पुरुष पुन्हा मैदानात रुळले. घरोघरी टेलिव्हिजन आला, तेव्हा मोठे सामने खुर्चीत बसून फुकट दिसू लागले. संघ चालवायचा खर्च गावोगावच्या मालकांना झेपेना. १९५० नंतर रसीनचा संघच गाव सोडून मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला गेला. सोफी काही त्याबरोबर गेली नाही, शिकागोकडं पैसे घेऊन सॉफ्टबॉल खेळू लागली. १९५२ साली मधेच थोडे सामने जुन्या संघाकडून खेळली. सगळ्या मिळून तिच्या चोऱ्या झाल्या १,११४. दोन वर्षांनी, १९५४ ला, ती सगळी संघटनाच बंद पडली. बारा वर्षांत सहाशेच्या आसपास मुली तिच्यात खेळून गेल्या.

यात एक काळी बाजूही आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. त्या सहाशेंमध्ये अमेरिकेतली काळी मुलगी एकही नव्हती. त्यांना दारच बंद होतं. लाली लावून, झगा घालूनसुद्धा बंद. टोनी स्टोन, मेमी जॉन्सन अशा काळ्या मुलींना १९५३ साली संधी मिळाली ती काळ्या पुरुषांच्या संघात, इंडियानापोलिस क्लाउन्समध्ये. पुरुषांच्या बरोबरीनं त्या खेळल्या. त्यांची गोष्ट स्वतंत्र सांगण्याजोगी आहे, सवड काढून सांगेन.

संघटना बंद पडल्यावर त्या पोरींचं काय झालं? काही नाही. घरी गेल्या. कुणी लग्न केलं, कुणी मास्तरीण झाली, कुणी कारखान्यात. सोफी रसीनलाच यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली आणि तिथं वरच्या जागेपर्यंत चढली. शेजारपाजारच्या नव्या माणसांना पत्ताही नसायचा की ही कोण. पुरुषांचा कुणी शंभरावर तळ चोरले की वर्तमानपत्रांत मोठी अक्षरं यायची. त्याहून कितीतरी मोठा आकडा ज्या बाईच्या नावावर, तिची कुणाला आठवणही नव्हती. तीसएक वर्षं असंच चाललं.

मग म्हाताऱ्या झालेल्या या खेळाडू एकमेकींना शोधू लागल्या, पत्रं गेली, भेटी झाल्या. १९८८ च्या नोव्हेंबरात कूपर्सटाउन इथल्या बेसबॉलच्या मोठ्या संग्रहालयात बायकांच्या खेळाचं एक दालन उघडलं. तिथं या संघटनेतल्या मुलींची नावं लागली. १९९२ साली त्यांच्यावर 'अ लीग ऑफ देअर ओन' हा सिनेमा निघाला. त्यातली पात्रं कल्पित आहेत, पण झगे खरे आहेत, आणि मांडीवरची ती लाल जखमही दाखवली आहे. सोफीनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ॲरिझोनात राहायला गेली होती. २०१३ च्या फेब्रुवारीत, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन वारली. तिचा एका हंगामातला २०१ चा आकडा शेवटपर्यंत कुणी मोडला नाही.

आता ताई, तुमच्या पत्राकडं येते. पळून काय मिळतं म्हणून विचारलंत. सोफीला पैसे मिळाले, थोडी वर्षं. नाव मिळालं, फार उशिरा. मांडीवरचे व्रण मिळाले, तेही खरं. तुमच्या लेकीला काय मिळेल ते मला सांगता यायचं नाही आणि आजोबांनाही नाही. पण कपड्याचा प्रश्न आहे तो सुटण्याजोगा आहे. क्रीडाशिक्षकांना जाऊन सरळ विचारा की लांब पायाची विजार चालेल का. तालुक्याच्या बाजारात हल्ली ट्रॅक पँट मिळते, घोट्यापर्यंत. आजोबांचं मन राहील आणि खो-खोत खांबाजवळ अंग टाकताना पोरीचा गुडघाही राहील. सोफीच्या मालकानं जे केलं नाही ते तुम्हाला करता येईल. आजोबांना सामन्यालाच घेऊन जा, असं माझं मत. लांबून नाही म्हणणारा माणूस पुष्कळदा मैदानाच्या कडेला उभा राहिला की ओरडू लागतो, "पळ की गं!"

आणि खरचटलंच, तर माती, चुना, चहाची भुकटी असलं काही चोपडू नका. साबण आणि स्वच्छ पाण्यानं खडे-माती निघेस्तोवर धुवा, धुतलेलं फडकं बांधा. जखम खोल असली, किंवा शेणामातीची जागा असली, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का ते विचारा.

पोरीला आज पोटभर जेवायला घाला. तालुक्याला काय झालं ते एका कार्डावर कळवा. हरल्या असल्या तरी कळवा.